डबीतली बाई

रविवारी दुपारचा चहा झाला आणि बाबांनी कपबशा उचलून टेबल कोरडं पुसून घ्यायला सांगितलं. तेव्हाच थोरल्या सुनेच्या लक्षात आलं, की आज तळहात पडणार.

या घराची ही जुनी खोड होती. दोन पिढ्यांची उमेदीची वर्षं टाकसाळीत गेलेली. आजोबा भट्टीवर होते, बाबा ठसे कोरायला. त्यामुळे चार घरांत जो निर्णय आरडाओरडा करून होतो, तो इथे नाण्याने व्हायचा. नाणं उडवायचं मात्र नाही. उडवणं म्हणजे अंगावरची जबाबदारी झटकणं, असं आजोबांचं म्हणणं. प्रत्येकाने एकेक नाणं टेबलावर ठेवायचं, त्यावर तळहात पालथा घालायचा आणि सगळ्यांनी एकदम उचलायचा. चेहऱ्याची बाजू वर असली तर छापा, म्हणजे होय. आकड्याची असली तर काटा, म्हणजे नाही. हात वर करून मत घेतलं की धाकटी माणसं थोरल्यांच्या तोंडाकडे बघतात, तळहाताखालचं कोणाला दिसत नाही. थोरलीचं या घरात येणं ठरलं तेही असंच. त्या वेळी एक काटा पडला होता, हे सासूबाईंनी पुढे कधीतरी हसत हसत सांगितलं होतं. कोणाचा, ते मात्र जाईपर्यंत सांगितलं नाही.

टेबलही इतरांच्या घरी असतं तसं नव्हतं. बाबा निवृत्त झाले तेव्हा टाकसाळीने त्यांचं कामाचं मेज त्यांना भेट दिलं होतं. जाड लाकडाचं, कोरणाऱ्याला पोट आत घेऊन बसता यावं म्हणून एका बाजूला अर्धचंद्रासारखं कापलेलं. घरात दुसरं टेबल ठेवायला जागा नव्हती, म्हणून सगळे त्यावरच जेवायचे. त्या खाचेत अर्थात बाबा बसायचे, आणि त्यांच्या शर्टावर कधी काही सांडलं तर सासूबाई म्हणायच्या, "एवढी खाच करून दिली सरकारने, तरी यांचा नेम चुकतोच."

आज खाचेत बाबा बसले होते. उजवीकडे थोरला मुलगा, बसच्या आगारात इंजिनं दुरुस्त करणारा. डावीकडे त्यांची लेक, ही इस्पितळात परिचारिका. समोर धाकटा, विमा विकणारा, म्हणजे माणसाच्या जाण्याचा आकडा तोंडपाठ असलेला. थोरली सून टेबल पुसून कोपऱ्यावर टेकली. ती एका कारखान्यात कवळ्या बनवायची. मेणात दात कोरता कोरता तिची अठरा वर्षं गेली होती. लग्नानंतर आठवड्याभरात बाबांनी तिचं काम पाहायला मागितलं होतं, एक दाढ भिंगाखाली धरून बराच वेळ न्याहाळली होती आणि म्हणाले होते, "आता या घरात दोन कारागीर झाले." तेव्हापासून ते तिला कारागीर म्हणूनच हाक मारायचे.

काल सकाळी टाकसाळीतून फोन आला होता. नवं स्मरणनाणं निघतंय, त्याचा ठसा तुमच्या हातचा हवा. फोन थोरलीनेच उचलून बाबांना दिला होता, आणि बोलताना बाबांची पाठ कशी ताठ होत गेली हे तिने पाहिलं होतं. तरी ते एवढंच म्हणाले, "घरी विचारून सांगतो." उद्या सकाळी उत्तर द्यायचं होतं. दुसऱ्या कुठल्या घरात अशी बातमी शेजारीपाजारी फिरून आली असती. या घरात कालपासून सगळे अळीमिळी गुपचिळी करून होते.

कारण होतं आतल्या खोलीतलं सासूबाईंचं कपाट. त्यात पूर्वी चादरी असायच्या, आता नाणी होती. बाबांनी निवृत्तीपूर्वी कोरलेलं शेवटचं चांदीचं नाणं. मोजकीच काढलेली, प्रत्येक नाणं पारदर्शक डबीत मोहोरबंद. दोन वर्षांपूर्वी ती विक्रीला आली त्याच आठवड्यात धाकट्याने सगळ्यांना या टेबलाभोवती बसवून समजावलं होतं, की सोनं काय, घर काय, ते कोणीही घेईल. पण थोर कोरीवकाराचं अखेरचं नाणं आपल्याच घरातलं असताना आपण घेणार नाही तर कोण? तळहात पडले, चारही छापे निघाले. थोरल्याने आपली शिल्लक टाकली. लेकीने वॉर्डातली उभी नोकरी सोडता यावी म्हणून साठवलेलं टाकलं. आणि थोरलीने, नवऱ्याला पुरतं न सांगता, स्वतःचा कारखाना काढायला ठेवलेलं सगळं टाकलं. नशीब असं, की धाकट्याचं गणित बरोबर निघालं. भाव दुपटीच्या जवळ आला होता. ज्याच्या दुकानात ही नाणी विकली जात तो भिंगवाला म्हणत होता, घाई करू नका, अजून चढेल.

आता बाबांनी दुसरं नाणं कोरलं, तर हे अखेरचं राहणार नव्हतं.

"मी आधीच सांगतो," धाकट्याने घसा खाकरला, "बाबांच्या कामाला माझा विरोध नाही."

"तुझा कशालाच विरोध नसतो," थोरला म्हणाला. "नुसता 'पण' असतो."

"पण भिंगवाल्यांशी मी बोललो. सहज म्हणून विचारलं, नाव न घेता. ते म्हणाले, अखेरचं हा एक शब्द गेला की भाव निम्म्यावर. लोकांनी नाणं घेतलेलं नाही, तो शब्द घेतलाय."

"लोकांचं मला सांगू नकोस. बाबांनी आयुष्यभर कोरलं. त्यांना वाटतंय तर करू दे. आपण कोण अडवणारे?"

हे थोरला इतक्या सुंदर आवाजात म्हणाला, की थोरलीने मान खाली घातली. सकाळी दाढी करताना आरशातून तो तिला म्हणाला होता, "मी बाबांच्या बाजूने बोलणार. मुलगा आहे, बोलावंच लागतं. तू ताईकडे बघ, ती काटा टाकेल असं बघ." म्हणजे पुण्य याचं आणि पाप बहिणीच्या पदरात. पंधरा वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याची ही चाल नवी नव्हती, पण ती बघताना दर वेळी नव्याने राग यायचा.

बहिणीला कोणी काही सांगायची गरजच पडली नाही. तिने चपला काढून पाय शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवले होते. घोटे सुजलेले दिसत होते.

"दादा, तुला बोलायला काय जातं? इंजिनाखाली तू पडून तरी काम करतोस. मी उभी असते," ती म्हणाली. "बाबा, मी तुमच्यापासून लपवणार नाही. मला नको वाटतंय. हे नाणं विकलं गेलं तर मी वॉर्ड सोडेन, एवढ्या एका आशेवर मी हे वर्ष काढलंय."

"ठीक बोललीस," बाबा म्हणाले. ते खरंच रागावले नव्हते. त्यांची बोटं मेजाच्या कडेवरून फिरत होती, जिथे वर्षानुवर्षं मनगट टेकून लाकूड गुळगुळीत झालं होतं.

"आणि वहिनी?" धाकट्याने विचारलं.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. गंमत अशी, की दोन्ही बाजूंना ती आपली वाटत होती. बाबांची औषधं, बाबांचा चष्मा, बाबांच्या रात्रीच्या दुधाची साय, सगळं तिच्याकडे. म्हणून थोरल्याला वाटे ती त्यांच्याविरुद्ध जाणार नाही. आणि धाकट्याला ठाऊक होतं, की तिने एक खोली बघून ठेवली आहे. उत्तरेला मोठी खिडकी असलेली, दातांचा रंग जुळवायला लागतो तसा एकसारखा उजेड देणारी. मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. तिने मनातल्या मनात तिथे दोन टेबलंही मांडली होती. खरं सांगायचं तर काल फोन बाबांच्या हातात देताना, त्यांनी नाही म्हणावं असं तिच्या मनात आलं होतं, आणि त्याची तिला कालपासून लाज वाटत होती.

"आधी बाबांचं ऐकू या," ती म्हणाली.

"हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं, वहिनी."

"मग लपवते म्हण."

"नाही, सरळ बोलू या ना सगळे. भिंगवाले सांगत होते, अजून दोनतीन वर्षं थांबायची तयारी ठेवा. आता चढलाय तो काहीच नाही. खरा भाव चढतो तो..."

धाकटा थांबला. विमा विकणाऱ्या माणसाची जीभ इतकी कधी अडखळली नसेल. खिडकीबाहेर कोणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचे धपके ऐकू येत राहिले.

"कोरणारा गेल्यावर," बाबांनी वाक्य पुरं केलं. "म्हण की रे. मला काय ते माहीत नाही? म्हणजे मी तुम्हाला दोनदा उपयोगी पडणार. एकदा थांबून आणि एकदा जाऊन."

ते एकटेच हसले. लेकीने पाय खुर्चीवरून खाली घेतले.

"बाबा, असं नका ना बोलू," थोरला म्हणाला, आणि या खेपेला त्याच्या आवाजात सजावट नव्हती.

"बोललो नाही तर काय तसं होणार नाही? बरं, पुरे. टाका तळहात. पण आज खिशातली सुटी नाणी नकोत. कारागीर, कपाटातली आण. प्रत्येकाला एक."

"बाबा!" धाकटा उठलाच. "डबी उघडली की संपलं. बोटाचं तेल लागलं तरी डाग पडतो. मग ते नाणं राहत नाही, नुसती चांदी उरते."

"मग डबीसकट ठेवू," थोरल्याने तोड काढली. "आरपार दिसतं. छापा आहे की काटा, कळेल."

"तळहाताला डबी लागेल, नाणं नाही." बाबांनी मान हलवली. "आणि एक सांगू? ठसा दिला त्याच दिवशी मी टाकसाळीतून बाहेर पडलो. तुमची आई पलंगाला खिळलेली. नाणी निघाली, विकली गेली, तुम्ही कपाट भरलंत. मी मागितलं तेव्हा डबी माझ्यासमोर धरलीत आणि परत ठेवलीत. मी कोरलेलं नाणं मी अजून हातात धरलेलं नाही."

थोरली उठून आत गेली. कपाटात अजून चादरींचा वास होता, आणि त्या वासात डब्या ओळीने लावलेल्या, प्रत्येक ओळीत दमट हवा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी. धाकट्याची व्यवस्था चोख होती. सासूबाईंना असं कपाट कधी लावता आलं नव्हतं. ज्याच्या कामाचं ठरायचं त्याचा तळहात नसायचा, म्हणून तिने चारच डब्या घेतल्या.

टेबलावर चौघांसमोर एकेक डबी ठेवली. कोणी हात लावेना. थोरला डबीकडे असं बघत होता जसं काही ती आपणहून उघडेल. शेवटी थोरलीनेच आपली उचलली. सांध्यात अंगठ्याचं नख घातलं आणि दाबलं. टक्क असा आवाज झाला. धाकट्याने डोळे मिटून घेतले.

नाणं गार होतं, आणि वाटलं होतं त्याहून जड. ते बोटांत धरून तिने सवयीने उजेडाकडे कलतं केलं. कवळी बघताना ती असंच करायची. तिरप्या उजेडात उंचसखल दिसतं. नाण्यावर डोक्याला फडकं बांधलेली, खाली बघणारी एक बाई होती. 'श्रमिक स्त्री', असं सोबतच्या माहितीपत्रकात छापलेलं. डबीतून तिने ते अनेकदा पाहिलं होतं, म्हणजे पाहिलं नव्हतंच, भाव आठवत नजर फिरवली होती. आता तिची नजर त्या बाईच्या ओठांवर गेली. खालचा ओठ डाव्या टोकाला किंचित आत दुमडलेला होता.

तो ओठ तिला माहीत होता. सासूबाईंची खालची कवळी तिनेच बनवली होती. तीन वेळा घासली तरी डावीकडे बसेना, कारण जबडाच तिकडे जरा खोल होता. "राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या होत्या, "माझं तोंडच वाकडं, त्याला तू काय करणार?" दोन वर्षं ही बाई कपाटात बंद होती, आणि जिने तो ओठ बोटांनी मोजला होता तिला ती ओळखू आली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "या आई आहेत."

लेकीने तिच्या हातून नाणं घेण्याऐवजी आपलीच डबी उघडली. नखाने, दाताने, कशीबशी. मग थोरल्याने उघडली. लेक नाणं डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली.

"आईच," ती म्हणाली. "फडकं पण तेच, ओट्यावरचं. पण बाबा, हिला डोळा नाहीये."

खरंच नव्हता. भुवईखाली गुळगुळीत उंचवटा होता, बस्स. पापणीची रेघही नाही.

"माहितीपत्रकात लिहिलंय," धाकटा हळू आवाजात म्हणाला. त्याची डबी अजून बंदच होती. "अंतर्मुख नजर. भिंगवाले म्हणतात, उतारवयातल्या मृदू हाताचा तो कळस आहे. त्यावरच तर भाव आहे."

"कसली अंतर्मुख नि कसलं काय. राहून गेलं ते." बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाकी सगळं झालं होतं. डोळा तेवढा उरला होता. रोज कोरणी उचलायचो आणि ठेवायचो. उघडा कोरू की मिटलेला, हेच ठरेना. ती इथे पलंगावर. उघडा कोरला आणि ती गेली, तर? आणि मिटलेला कोरला, आणि ती आहे, मला हाक मारतेय, तर मग मीच तिला..." ते थांबले. "ठसा द्यायचा दिवस आला. तसाच दिला. सगळ्यांनी डोक्यावर घेतला. मी बोललो नाही, तुमचे पैसे अडकले होते. पण माझं शेवटचं काम आंधळं आहे, हे मला रोज जेवताना आठवतं. म्हणून आणखी एक करायचं होतं. त्याच्यावर कोणाचा का चेहरा असेना. डोळा पुरा करायचा आणि मग थांबायचं. एवढंच. टाका तळहात."

थोरलीने नाणं टेबलावर ठेवलं. कुठली बाजू वर, ते ठरवायला एक क्षण पुरतो. तिला तो क्षण फार मोठा वाटला. ती उत्तरेची खिडकी तिच्या डोळ्यांसमोर आली, तिथला तो शांत उजेड आला, कारखान्यातल्या मुकादमाचा आवाज आला. आपण हरलो तर आणखी अठरा वर्षं, हेही आलं. तिने नाणं पालथं केलं, मग पुन्हा उलटवलं आणि वर हात ठेवला. नाणं आता गार राहिलं नव्हतं.

धाकट्याने सगळ्यांत शेवटी डबी उघडली. रुमालात धरून.

"उचला," बाबा म्हणाले.

तिचा छापा होता. लेकीचा छापा होता; तिने नाक ओढलं आणि पाय परत खुर्चीवर ठेवले. थोरलीने नवऱ्याच्या हाताखाली बघितलं तर तिथेही छापा. तो चोरी पकडल्यासारखा दुसरीकडे बघू लागला. सकाळच्या दाढीची गोष्ट तिने तिथल्या तिथे माफ केली, निदान त्या दिवसापुरती.

धाकट्याचा काटा होता.

"मी खोटा छापा टाकणार नाही," तो म्हणाला. "मला भीती वाटते. तुम्ही सगळ्यांनी माझ्या शब्दावर टाकलंत. ताईचे पाय, वहिनीची खोली, सगळं मला रोज दिसतं. तुम्हाला वाटतं मला पैशाचीच पडलीय."

"कोण म्हणालं?" बाबा म्हणाले. "काटा टाकणारा माणूस काही वाईट नसतो. हिला घरात आणायचं ठरलं, तेव्हाचा काटा माझा होता."

"बाबा!" थोरली म्हणाली.

"मग? मला भीती वाटली. म्हटलं, दात कोरणारी बाई, आमचं घर पोखरून ठेवेल." ते तिच्याकडे बघून हसले. "चुकलो. माणूस चुकतो. तीन छापे झाले, ठरलं. पण त्याआधी एक बघू."

त्यांनी मेजाचा खण ओढला. त्यात घरातले चमचे असायचे. चमच्यांच्या मागून त्यांनी वाळू भरलेली चामड्याची गोल उशी काढली आणि कोरणी काढली. चष्मा चढवून लाकडी मूठ तळहातात बसवली. थोरलीचं नाणं उशीवर ठेवून डाव्या हाताने घट्ट धरलं.

"टाकसाळीला हो म्हणण्याआधी या हाताला विचारायला हवं ना."

कोरणीचं टोक भुवईखाली टेकलं, पुढे सरकलं, आणि निसटलं. गालावरून हनुवटीपर्यंत एक लखलखीत ओरखडा उमटला.

बाबांनी कोरणी खाली ठेवली. नाणं उचलून पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला, सकाळपेक्षा, अगदी चहाच्या वेळेपेक्षाही.

"मिळालं उत्तर," ते म्हणाले. "उगाच एवढी बैठक भरवली."

झालं होतं ते असं, की सगळे बचावले होते. नाणं अखेरचंच राहणार होतं. भाव टिकणार होता, चढणार होता. लेकीला वॉर्ड सोडता येणार होता, थोरलीला खोली मिळणार होती, आणि तेही कोणी पाप न करता. इतकी सोयीची गोष्ट या घरात पूर्वी घडली नव्हती. आणि थोरलीला वाटलं, ही सोय कोणीतरी परत घेऊन जावी.

धाकटा उठला. तो आत गेला, आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत छातीशी धरलेल्या डब्या होत्या, एक वाटेत पडली ती त्याने उचललीही नाही.

"दुसरं घ्या, बाबा," तो म्हणाला.

"अरे, काय करतोस? माझा हात..."

"दुसरं घ्या. भरपूर आहेत." टक्क, त्याने एक उघडली. टक्क, दुसरी. उघडलेली नाणी तो बाबांसमोर सरकवत गेला. रुमाल कुठे गेला त्याला कळलं नाही. "आपल्याकडे आई भरपूर आहे."

लेक तोंडावर हात ठेवून रडायला लागली, आणि रडता रडता तिनेही एक डबी ओढून घेतली. थोरला नखं वापरत नव्हता. त्याने टेबलाच्या कडेवर डबी आपटून उघडायची इंजिनवाल्याची रीत काढली. थोरली तेवढ्यात दारामागच्या आपल्या पिशवीकडे गेली. कारखान्यात ती कपाळावर बांधायची ते दोन भिंगांचं पट्ट्याचं साधन त्यात होतं, त्याला स्वतःचा दिवा होता. ते तिने बाबांच्या डोक्यावर बसवलं, पट्टा मागून आवळला.

"नुसत्या चष्म्यातून तुम्ही आठवणीने कोरत होतात," ती म्हणाली. "आता बघून कोरा. आणि कोपर टेकवा, हवेत नको."

"हं. मला शिकवतेस," बाबा म्हणाले, पण कोपर टेकवलं.

दुसरं नाणं फुकट गेलं. तिसऱ्यावर पापणीची रेघ जमली आणि बुबुळ भलतीकडे गेलं. लेक ओल्या आवाजात म्हणाली, "आई तुमच्यावर रागावल्यावर अशीच बघायची," आणि बाबांना हसू आवरेना, म्हणून थोडं थांबावं लागलं. पुढच्यावर पुन्हा ओरखडा. धाकटा नवं नाणं पुढे करत राहिला. बाद झालेली नाणी त्याने बाजूला ओळीत लावली नाहीत, तशीच पडू दिली. बाहेरचा उजेड पिवळा झाला. थोरल्याने उठून पंखा बंद केला, कारण चांदीचा कीस उडत होता.

मग एका नाण्यावर बाबा थबकले. डोकं न उचलता त्यांनी विचारलं, "उघडा की मिटलेला?"

या प्रश्नाला तळहात पडले नाहीत.

"उघडा," धाकटा म्हणाला.

कोरणी दोनदा पुढे गेली, एकदा वळली. बाबांनी फुंकर मारली. मग डोक्यावरचं भिंग वर सरकवून नाणं उजेडात धरलं.

"उद्या टाकसाळीला फोन लाव, कारागीर," शेवटी ते म्हणाले. "सांग, जमणार नाही. ठसा एकच असतो. तिथे चार बिघडवून पाचवा, असं चालत नाही. नव्या पोरांना द्या म्हणावं." त्यांनी ते नाणं टेबलाच्या मधोमध ठेवलं. "माझं शेवटचं हे."

नाणं हातोहात फिरलं. लेकीने बघितलं, थोरल्याने बघितलं, थोरलीने कलतं करून बघितलं. बाई खाली बघत होती, पण आता ती कशाकडे तरी बघत होती. ओठाचं डावं टोक दुमडलेलं, नेम चुकून शर्टावर काही सांडलेल्या नवऱ्याकडे बघावं तसं. शेवटी ते धाकट्याकडे आलं. त्याने ते उघड्या बोटांत धरलं. मग अंगठा तिच्या गालावरून फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तेल लागेल असं त्याला कोणी म्हणालं नाही.